काँक्रीटची टेस्ट 'पास' झाली, म्हणजे पूल मजबूत आहे हे सिद्ध झालं का?

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी बरंच खाली गेलं की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येतं. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, गावकरी वर येऊन वसले, पण हेमाडपंती मंदिर तिथेच राहिलं. पाणी ओसरलेल्या वर्षी त्याचे ड्रोन व्हिडीओ आणि रील्स भरपूर फिरतात. त्याखाली एक मत हमखास वाचायला मिळतं: जुन्या लोकांनी बांधलेलं दगडी मंदिर पाण्यात राहूनही उभं आहे आणि आजचे पूल मात्र पडतात.

रागाचं कारण समजण्यासारखं आहे. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच कुंडमळा इथे इंद्रायणी नदीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि ४ जणांचा जीव गेला. त्यानंतर राज्यभरातल्या पुलांच्या 'स्ट्रक्चरल ऑडिट'ची चर्चा पुन्हा सुरू झाली. इंदापूर तालुक्यातही हा विषय लांबचा नाही. मे २०२४ मध्ये करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरमधल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीत बुडून ६ जण दगावले. पलीकडे जायला जवळचा पूल नाही, म्हणून लोक बोटीने जातात. आता शिरसोडी ते कुगाव पुलाला सरकारने मंजुरी दिली आहे. म्हणजे या भागात पूल ही गरज आहे आणि तो किती भक्कम असेल ही काळजीही आहे.

पण मंदिराशी केलेली तुलना फसवी आहे. जुन्या काळात बांधलेल्या सगळ्या वास्तू आज आपल्यासमोर नाहीत, टिकल्या तेवढ्याच दिसतात. ज्या भिंती, घाट, देवळं पन्नास-शंभर वर्षांत ढासळली, त्यांची रील निघत नाही. फक्त टिकलेलं पाहून 'तेव्हाचं सगळंच भक्कम होतं' असं म्हणणं म्हणजे फक्त पास झालेल्या मुलांना बघून शाळेचा निकाल शंभर टक्के ठरवण्यासारखं आहे.

मग एखादं बांधकाम पुरेसं मजबूत आहे की नाही, हे ठरवतात तरी कसं? आणि सरकारी कागदावर 'चाचणी समाधानकारक' असं लिहिलेलं असतं, तेव्हा नेमकं काय सिद्ध झालेलं असतं?

क्यूब टेस्ट म्हणजे काय?

साइटवर काँक्रीट ओतलं जात असताना त्यातलंच थोडं काँक्रीट १५ सेंटिमीटर बाजूच्या लोखंडी साच्यांमध्ये भरतात. साचा काढल्यावर तयार झालेले ठोकळे, म्हणजे क्यूब, पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत मशीनखाली दाबून फोडतात. किती जोर दिल्यावर क्यूब फुटला, यावरून काँक्रीटची ताकद काढतात. अशा तीन क्यूबची सरासरी म्हणजे एका नमुन्याचा निकाल.

काँक्रीटची प्रत 'एम-२०', 'एम-३०' अशी सांगतात. एम-३० मधला ३० हा आकडा मेगापास्कलमध्ये असतो. सोप्या भाषेत, एम-३० चा एक क्यूब फोडायला साधारण ६९ टनांचा भार लागायला हवा. दहा चाकी भरलेल्या ट्रकचं वजन सुमारे २८ टन धरलं, तर जवळपास अडीच ट्रक एका ठोकळ्यावर.

इथेच मुख्य अडचण आहे. जो क्यूब तपासला, तो फुटला. जे काँक्रीट पुलात गेलं, ते तपासलेलं नाही. खांब फोडून तो मजबूत होता का हे बघता येत नाही. लोखंडी सळईचं आणि क्रेनच्या वायर रोपचंही तेच. तुटेपर्यंत ताणलेला तुकडा पुन्हा वापरता येत नाही. इंदापूर तालुक्यातच नोव्हेंबर २०१७ मध्ये नीरा-भीमा जोड बोगद्याच्या कामावर क्रेनचा दोर तुटून ८ कामगारांचा मृत्यू झाला होता. साहित्याची ताकद हा किती जिवाशी भिडलेला विषय आहे, हे त्या शाफ्टमध्ये उतरणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून थोडे नमुने तपासून न तपासलेल्या सगळ्या साहित्याबद्दल निर्णय घ्यावा लागतो. थोडक्यावरून सगळ्याचा अंदाज बांधताना चूक होण्याची शक्यता किती, याचा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीला संख्याशास्त्रात 'हायपोथेसिस टेस्टिंग' म्हणजे गृहीतकाची चाचणी म्हणतात.

गृहीतकाची चाचणी कशी चालते?

कोर्टातल्या खटल्यासारखी. कोर्ट आरोपीला निर्दोष धरून सुरुवात करतं आणि पुरावा भक्कम असेल तरच ते गृहीत सोडतं. इथेही आधी एक गृहीत धरतात, उदाहरणार्थ 'हे काँक्रीट ठरलेल्या प्रतीचं आहे'. मग नमुन्यांचे आकडे बघतात. काँक्रीट खरंच चांगलं असेल तर इतके कमी आकडे येणं कितपत शक्य आहे? फारच दुर्मीळ असेल, तर गृहीत फेटाळायचं आणि काँक्रीट नाकारायचं.

यात चूक दोन बाजूंनी होऊ शकते. चांगलं काँक्रीट केवळ योगायोगाने नापास होऊ शकतं, त्यात ठेकेदाराचं नुकसान होतं. आणि कमी प्रतीचं काँक्रीट योगायोगाने पास होऊ शकतं. त्याचा धोका पुलावरून जाणाऱ्यांना असतो. नमुने तेवढेच ठेवून एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. दोन्ही कमी करायच्या असतील, तर नमुने वाढवावे लागतात.

कोर्टाच्या उदाहरणातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुराव्याअभावी सुटका झाली, म्हणजे निर्दोष असल्याचं सिद्ध झालं असं नव्हे. तसंच 'काँक्रीट वाईट असल्याचा पुरावा मिळाला नाही' आणि 'काँक्रीट चांगलं असल्याचा पुरावा मिळाला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दोनच नमुने तपासले असतील तर वाईट काँक्रीटविरुद्धही पुरावा मिळणार नाही.

सगळे आकडे ३० च्या वर, तरी नापास?

भारतात काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक आहे. पुलांसाठी भारतीय रस्ते काँग्रेस आणि केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे वेगळे नियम आहेत, पण मागचं तत्त्व तेच. आयएस ४५६ मध्ये एम-३० मधला ३० हा सरासरीचा आकडा नाही. ज्याच्या खाली १०० पैकी ५ पेक्षा जास्त निकाल जाऊ नयेत, अशी ती पातळी आहे.

काँक्रीटच्या ताकदीत चढउतार असतातच. वाळूतला ओलावा बदलतो, पाणी कमीजास्त होतं, ऊन बदलतं. संख्याशास्त्रात या चढउताराच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. स्वतःच्या साइटचे पुरेसे आकडे हाती नसतील तर एम-३० साठी ते ५ मेगापास्कल धरावं, असं मानक सांगतं. त्यामुळे १०० पैकी ९५ निकाल ३० च्या वर ठेवायचे असतील, तर सरासरी ३० ठेवून चालत नाही. ती ३० अधिक ५ गुणिले १.६५, म्हणजे ३८ च्या थोडी वर ठेवावी लागते.

आता पास-नापास कसं ठरतं ते पाहू. लागोपाठच्या चार नमुन्यांची सरासरी एम-३० साठी किमान ३४ यायला हवी आणि कोणताही एक नमुना २७ च्या खाली जाता कामा नये. या दोन अटींचे परिणाम पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतात. समजा, एका साइटवर चार निकाल आले: २८, ३७, ३६ आणि ३८. एक निकाल ३० च्या खाली आहे. तो फोटो व्हायरल झाला तर 'एम-३० मध्ये २८ निघाले' अशी बोंब होईल. पण सरासरी ३४.७५ आहे आणि २८ हे २७ च्या वर आहे. म्हणजे पास.

दुसऱ्या साइटवर निकाल आले: ३१, ३२, ३०.५ आणि ३३. चारही ३० च्या वर. ठेकेदार म्हणेल, बघा, एकही नमुना कमी नाही. पण सरासरी ३१.६ आहे, ३४ पेक्षा कमी. म्हणजे नापास.

नियम उलटा वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. चार नमुने ३१-३२ च्या आसपास घुटमळत असतील, तर उरलेल्या न तपासलेल्या काँक्रीटमध्ये बराच माल ३० च्या खाली असण्याची दाट शक्यता असते. चार आकडे ३० च्या वर येणं हा नशिबाचा भाग असू शकतो. नियमाचा रोख हातातल्या चार क्यूबपेक्षा न फोडलेल्या काँक्रीटवर जास्त आहे.

३४ हा आकडा आला कुठून?

एका नमुन्यात ५ चा चढउतार असेल, तर चार नमुन्यांच्या सरासरीत तो निम्मा, म्हणजे २.५ होतो. चांगल्या ठेकेदाराची खरी सरासरी ३८.२५. तिथून २.५ गुणिले १.६५ इतकं खाली आलं की ३४.१ येतं. मानकातल्या नियमाने पूर्णांकन केलं की ३४.

याचा अर्थ असा की ज्या ठेकेदाराचं काँक्रीट अगदी नियमाप्रमाणे आहे, त्याचाही चारचा गट साधारण २० पैकी एका वेळी योगायोगाने नापास होईल. ही चांगल्यावर अन्याय होण्याची मान्य केलेली शक्यता.

दुसऱ्या बाजूने पाहू. ज्याच्या मालाची खरी सरासरी ३० च आहे, म्हणजे निम्मा माल कमी प्रतीचा, तो २० पैकी १९ वेळा पकडला जाईल. ही चाळण चांगली आहे. पण ज्याची खरी सरासरी ३४ आहे, त्याच्या मालात सुमारे २१ टक्के भाग ३० च्या खाली असेल. परवानगी ५ टक्क्यांची आहे. तरीही तो सरासरीची अट निम्म्या वेळा पार करेल. नाणं उडवल्यासारखं.

म्हणून एका गटाचा 'पास' शेरा फार काही सांगत नाही. पण असे पाच वेगवेगळे गट तपासले, तर पाचही पास होण्याची शक्यता ३२ मध्ये एक उरते. मोठ्या कामात सतत नमुने घेण्याचा नियम म्हणूनच आहे. आयएस ४५६ नुसार ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला किमान ४ नमुने आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. एका ट्रान्झिट मिक्सरमध्ये साधारण ६ घनमीटर काँक्रीट बसतं, म्हणजे मोठ्या कामात आठ-नऊ गाड्यांमागे किमान एक नमुना.

नमुना निवडला कोणी?

वरचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे: नमुना कोणता घ्यायचा, हे आधी कोणालाही माहीत नसावं. ही अट मोडली, की गणित कितीही बरोबर असलं तरी उत्तर चुकीचं येतं.

शेतकऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पीक विम्यासाठी गावात पीक कापणी प्रयोग होतात. कुठल्या शेतातला तुकडा कापला यावरून उत्पन्नाचा आकडा ठरतो आणि त्यावरून भरपाई. चांगलं पीक असलेलं शेत मुद्दाम निवडलं, तर नुकसान झालेल्या गावालाही भरपाई मिळणार नाही. भारतात हे प्रयोग यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून करण्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही दोन मराठी नावं ठळक आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे लंडनला शिकले, ते जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या प्रभावाखाली. गृहीतकाच्या चाचणीला आजचं रूप देणारे हेच ते दोघे. म्हणजे शेतातला तुकडा आणि पुलाचा क्यूब, दोन्हींमागचं शास्त्र एकच आहे.

बांधकामात हीच अट तीन ठिकाणी मोडू शकते. चाचणीसाठी जास्त सिमेंटचं वेगळं मिश्रण करून क्यूब भरले, तर मशीन खरं बोलेल, पण भलत्याच काँक्रीटबद्दल. नमुने ठरलेल्या वेळीच घेतले जात असतील, तर ती गाडी चांगली येईल आणि पुढची कशी येईल ते कळणार नाही. आणि नापास झालेले निकाल बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा चाचणी केली, तर कधी तरी 'पास' येणारच. निम्म्या वेळा पास होणारा माल तीन संधी दिल्या तर आठपैकी सात वेळा पास होईल.

उभ्या असलेल्या पुलाचं काय?

जुन्या पुलाचे क्यूब कुठून आणणार? त्यासाठी दुसरे उपाय आहेत. काँक्रीटवर ठराविक जोराने आपटून ते किती उसळतं हे मोजणारा रिबाउंड हॅमर स्वस्त आणि झटपट आहे, पण त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं, असं भारतीय मानकच सांगतं. एम-३० साठी हा फरक साडेसात मेगापास्कलचा. नुसत्या हॅमरवर 'पुरेसं आहे' असं ठाम सांगता येत नाही.

जास्त भरवशाचा उपाय म्हणजे बांधकामातूनच ड्रिलने गोल तुकडा, म्हणजे 'कोअर', काढून तो फोडणं. क्यूबच्या निकालाबद्दल शंका आली तर हाच मार्ग सुचवला आहे. किमान तीन कोअर घ्यायचे. क्यूबच्या हिशेबात आणलेली त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. इथे तपासलेला तुकडा खुद्द बांधकामाचाच असतो, हा मोठा फायदा.

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून किमान ६ जणांचा मृत्यू झाला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हा पूल वापरायला योग्य ठरवून किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. दुर्घटनेनंतर ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. संख्याशास्त्राच्या भाषेत ही दुसऱ्या प्रकारची चूक: धोक्याचा पूल 'पास' झाला.

कुंडमळ्याची गोष्ट याच्या उलट आहे. तो पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. म्हणजे निकाल 'नापास' असाच होता, पण त्यावरून घ्यायचा निर्णय अंमलात आला नाही. पावसाळ्यातल्या रविवारी पुलावर गर्दी झाली आणि तो पडला. एकीकडे चाचणी चुकली, दुसरीकडे चाचणीचा निकाल कागदावर राहिला. दोन्हींवर 'ऑडिट करा' हा एकच उपाय सांगून भागत नाही.

आणि काँक्रीट पास असलं तरी पूल पडू शकतो, हेही विसरता येत नाही. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बस. पाया, पुराचा जोर, सळयांचा गंज, वाहनांचं वाढलेलं वजन हे प्रश्न क्यूबच्या मशीनला विचारता येत नाहीत.

लोकांनी काय विचारावं?

'टेस्ट केली का?' या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमीच 'हो' असं मिळतं. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारता येतात.

एकूण किती घनमीटर काँक्रीट ओतलं आणि त्यासाठी किती नमुने घेतले?

नमुने कोणी, कोणासमोर, कोणत्या गाडीतून घेतले आणि तपासणारी प्रयोगशाळा ठेकेदारापासून स्वतंत्र आहे का?

सगळे निकाल दाखवता येतील का, की फक्त पास झालेले?

नापास झालेल्या गटाचं पुढे काय केलं? कोअर काढले, तो भाग तोडला की तसाच ठेवला?

हे प्रश्न विचारायला कायद्याचा आधार आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात 'माहितीचा अधिकार' याची जी व्याख्या आहे, तिच्यात कागदपत्रं बघण्याबरोबरच कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं याचाही समावेश आहे. जालना जिल्ह्यात २०२३ मध्ये नवा रस्ता सतरंजीसारखा हाताने उचलून दाखवणारा व्हिडीओ देशभर गाजला. अशा व्हिडीओने लक्ष वेधलं जातं, पण तो रस्त्याच्या एका तुकड्याचा, आणि तोही मुद्दाम निवडलेला, नमुना असतो. त्याच्यापुढे जाऊन प्रमाणित नमुना आणि सगळ्या निकालांची यादी मागितली, तर संबंधित कार्यालयाला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागतं.

उजनीवर पूल बांधताना खांब खोल पाण्यात आणि गाळात उभे करावे लागतात. ते पाण्याखाली गेल्यावर पुन्हा तपासणं अवघड आणि खर्चिक असतं. त्यामुळे हे प्रश्न विचारण्याची सगळ्यात चांगली वेळ उद्घाटनाच्या दिवशीची नसते. पहिल्या खांबाचं काँक्रीट ओतल्यावर २८ दिवसांनी पहिले क्यूब फुटतात, तेव्हापासूनच ती सुरू होते.